कागदावर दोन पाय पांढरे, घोडीचे चार: रंग आणि पांढऱ्या खुणांच्या नोंदीविषयी

गडहिंग्लजकडच्या एका घोडीमालकांचा प्रश्न आला आहे. अकलूजच्या बाजारातून त्यांनी मारवाडी घोडी आणली. वय सात वर्षांच्या आसपास, रंग कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ आणि शेपूट), कपाळापासून वरच्या ओठापर्यंत रुंद पांढरा पट्टा, चारही पाय पांढरे, त्यातला पुढचा डावा गुडघ्याच्याही वर. एक डोळा काचेसारखा निळा. घेतली तेव्हा ती गाभण होती, आणि भरवलेला नर कुमैत मारवाडी असल्याचे विकणाऱ्याने सांगितले होते. आता शिंगरू पाच महिन्यांचे आहे. नोंदणीचा अर्ज परत आला, कारण विकणाऱ्याने दिलेल्या जुन्या दाखल्यावर मागचे दोनच पाय पांढरे दाखवलेत. त्यात शिंगराच्या अर्जात रंग कुमैत लिहिला होता, पण त्याच्या डोळ्यांभोवती पांढरे केस दिसू लागलेत. कोणीतरी त्यांना मोबाइलवर असेही कळवले की गुडघ्याच्या वर पांढरे चढलेला घोडा शुद्ध धरत नाहीत. त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: घोडी शुद्ध आहे की नाही, कागद दुरुस्त कसा करायचा, आणि शिंगराचा रंग काय लिहायचा.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात घोड्यांवर उपचार करता करता ओळखपत्रावरचे नकाशे, म्हणजे घोड्याच्या आकृतीवर त्याच्या खुणा, भरण्याचे कामही माझ्याकडे कायम येते. हा घोटाळा नेहमीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नोंदणीच्या कागदावर रंग दोन वेगवेगळ्या कामांसाठी येतो. एक काम ओळखीचे: हा कागद याच घोड्याचा आहे, दुसऱ्याचा नाही, एवढे सिद्ध करणे. दुसरे काम कसोटीचे: अमुक रंगाचा घोडा आमच्या जातीत घ्यायचा की नाही. पहिले काम जगातली प्रत्येक नोंदवही करते. दुसरे काही मोजक्याच जाती करतात, आणि प्रत्येकीचा नियम निराळा. तुम्हाला आलेला निरोप म्हणजे एका जातीची कसोटी उचलून दुसऱ्या जातीला लावलेली आहे.

गुडघ्याच्या वरच्या पांढऱ्याचा तो नियम अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्सचा. त्यांची संघटना १९४० साली स्थापन झाली. चेहऱ्यावरचे पांढरे ठरावीक रेषेच्या मागे गेले किंवा पायावरचे ठरावीक उंचीच्या वर चढले तर नोंदणी नाकारायची, असा नियम त्यांनी अनेक वर्षे चालवला. हेतू असा की ठिपक्याडागांच्या घोड्यांचे रक्त आत शिरू नये. पण दोन्ही आईबाप नोंदलेले, दोघेही एकरंगी दिसणारे, आणि पोटी मात्र पोटापर्यंत पांढरे आलेले शिंगरू, असे वारंवार घडत राहिले. अशा घोड्यांना बाहेर काढले गेले. ते ज्या नोंदवह्यांत गेले त्यांतूनच १९६५ साली आजची पेंट हॉर्सची संघटना उभी राहिली. पुढे डीएनएवरून आईबाप थेट तपासता येऊ लागले, तेव्हा रंगावरून रक्त ओळखण्याची गरज उरली नाही, आणि २००४ साली क्वार्टर हॉर्सवाल्यांनी तो नियम काढून टाकला. म्हणजे जिथे नियम जन्मला तिथेच तो आता लागू नाही, आणि गडहिंग्लजच्या मारवाडी घोडीला तो लावला जातोय.

मारवाडीत अबलख, म्हणजे अंगावर मोठे पांढरे डाग असलेला घोडा चालतो, एवढेच नाही तर त्याला मागणी आहे. सब्जाला (गडद जन्मून वयाने पांढरा होत जाणाऱ्याला) सगळ्यात वरचा मान, त्याखालोखाल अबलख. चार पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी तर शुभ म्हणून मुद्दाम शोधला जातो, आणि तुमची घोडी वर्णनावरून नेमकी तीच आहे. मारवाडीच्या नोंदवह्यांना जी अडचण वाटते ती जन्मतःच संपूर्ण पांढऱ्या, गुलाबी कातडीच्या घोड्याची. देवकार्यासाठी आणि वरातीसाठी असे घोडे मुद्दाम पैदा करतात, पण नोंदवहीत त्यांना सहसा जागा नसते. काठियावाडी जातीत उलट काळ्याला नकार, बाकीचे रंग चालतात. तेव्हा पुढचा डावा पाय गुडघ्याच्या वर पांढरा असणे हा तुमच्या घोडीचा दोष नाही. तो कागदावर नीट काढलेला नसणे हा कागदाचा दोष आहे.

रंगाची कसोटी खरोखर कडक असलेल्या जातीही आहेत, त्या माहीत असाव्यात म्हणजे आपल्याकडच्या नियमांचे प्रमाण कळते. नेदरलँडमधला फ्रीजियन काळाच हवा, कपाळावर लहानसा टिळा चालतो, पायाला पांढरे चालत नाही. इंग्लंडमधला क्लीव्हलँड बे नावाप्रमाणेच कुमैत, त्यालाही अगदी बारीक टिळ्यापलीकडे सवलत नाही. सफोक जातीचा प्रत्येक घोडा सुरंग, म्हणजे काळे कुठेच नसलेला तांबूस असतो. लिपिझानर बहुतेक सब्जा, पण जन्मतात गडद आणि वाढत्या वयात पांढरे होत जातात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये एखादा कुमैत मुद्दाम ठेवण्याची प्रथा आहे. या जाती पिढ्यान्‌पिढ्या एकाच रंगावर निवडून आणल्यात, त्यामुळे तिथे वेगळा रंग दिसला की शंका घेणे योग्य. आपल्या देशी जाती तशा घडलेल्या नाहीत. त्या वाळवंटात, डोंगरात, मुलुखगिरीत चालण्यावर, काटकपणावर, कानावर, चालीवर निवडल्या गेल्या.

इथे एक गल्लत आपल्या भागात हल्ली फार होते, तीही सांगून टाकतो. भीमथडी घोड्याला देशी जात म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने जातीची नोंद केली. आपल्या धनगर बांधवांनी शतकानुशतके सांभाळलेल्या घोड्याचा तो सन्मान आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ती नोंद जातीची, एखाद्या घोड्याची नव्हे. तिथे रंगाचे वर्णन असते ते ‘या जातीत हे हे रंग आढळतात’ अशा अर्थाने. तुमच्या दावणीचा घोडा नोंदवायचा तर त्यासाठी वंशावळीची नोंदवही, त्याचा स्वतंत्र अर्ज, त्याचा नकाशा, त्याला टोचलेली ओळखक्रमांकाची चिप. ‘आमची जात सरकारदरबारी नोंदलेली आहे, मग पुन्हा फॉर्म कशाला’ असे विचारणारे मालक भेटतात. त्यांना हाच फरक समजावून सांगावा लागतो.

आता घोडीच्या कागदाकडे येऊ.

दाखल्यावर मागचे दोन पाय पांढरे, प्रत्यक्षात चार. या तफावतीला दिशा असते. कागदावर पांढरे जास्त आणि घोड्यावर कमी असेल, तर त्याला एक निरुपद्रवी कारण असू शकते: कुमैत शिंगराचे पाय जन्मतः फिकट, मातकट असतात. घाईत पाहणारा ते पांढरे समजून लिहितो. पहिली लव झडली की तिथे काळे केस येतात आणि कागद खोटा ठरतो. पण तुमच्याकडे उलटे आहे. कागदावर कमी, घोडीवर जास्त. गुलाबी कातडीवरचा जन्मजात पांढरा पाय वयानुसार उगवत नाही. जखमेमुळे, जीन किंवा तंग लागल्यामुळे पांढरे केस येतात, पण ते ठिगळासारखे असतात, पायभर मोज्यासारखे चढत नाहीत. कोडासारखा रंग जाण्याचा प्रकार घोड्यातही होतो, तो बहुतेक ओठ, डोळे, शेपटीखाली दिसतो. म्हणून शक्यता दोनच उरतात: नकाशा भरणाऱ्याने पुढचे पाय पाहिलेच नाहीत, किंवा तो दाखला दुसऱ्या घोडीचा आहे.

यातले काय खरे, हे ठरवायला पांढऱ्या खुणांपेक्षा भोवरे, म्हणजे केसांची गोल वळणे, जास्त उपयोगी पडतात. दाखल्यावर भोवऱ्यांच्या जागा दाखवल्यात का पाहा. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, मधोमध की एका बाजूला. मानेवर आयाळीखाली दोन्ही बाजूंना कुठे. छातीवर, कुशीत कुठे. भोवरा जन्मभर जागा बदलत नाही, रंग उडाला तरी राहतो, आणि कोणाला रंगवून लपवता येत नाही. आपल्याकडच्या जुन्या मोतद्दारांची, घोड्यांची निगा राखणाऱ्यांची, नजर यात फार तयार असते. ते देवमण, गोम, सापीण अशा नावांचे भोवरे पाहत ते शुभ-अशुभासाठी. अर्जावर शुभ-अशुभाचा रकाना नाही, पण भोवऱ्याचा आहे, आणि कुठे बोट ठेवायचे हे त्या म्हाताऱ्या माणसाइतके लवकर मला अजूनही सापडत नाही. तुमच्या गावात असा कोणी असेल तर नकाशा भरताना त्याला शेजारी उभे करा.

भोवरे जुळले आणि पायच चुकले असतील, तर दाखला घोडीचाच आहे, दुरुस्ती करता येईल. भोवरेही जुळत नसतील तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. आधी चिप वाचा. चिप साधारणपणे मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखालच्या जाड स्नायुबंधात टोचलेली असते, आणि तिचा क्रमांक १५ अंकी असतो. वाचक यंत्र दोन्ही बाजूंनी, खांद्यापर्यंत फिरवा, चिप कधी सरकते. क्रमांक दाखल्याशी जुळला तर संस्थेला तसे लिहून कळवा आणि नवा नकाशा मागा. चिपच नसेल आणि भोवरेही वेगळे असतील, तर तो कागद बाजूला ठेवा आणि विक्रेत्याकडे लेखी खुलासा मागा. दुसऱ्या घोडीच्या कागदावर आपली घोडी नोंदवली, तर तिच्या प्रत्येक पिलाची वंशावळ खोटी होते, आणि ते पुढे डीएनए तपासात उघडे पडते तेव्हा सगळी पिढी नोंदवहीबाहेर जाते. चांगली घोडी बिनकागदी राहिलेली परवडली.

नवा नकाशा भरण्याची पद्धत नीट सांगतो, कारण बहुतेक अर्ज इथेच अडतात.

घोडी आधी धुवा. आपल्याकडच्या पावसात, विशेषतः गगनबावडा-राधानगरीच्या बाजूला, पायाला चिखल बसलेला असतो आणि गुडघ्याखाली काहीच खरे दिसत नाही. धुतल्यावर केस ओले असतानाच पाहा. खरी पांढरी खूण जिथे आहे तिथे खालची कातडी गुलाबी असते आणि ओल्या केसांतून ती दिसते. कडेला काळी कातडी आणि वर पांढरे केस अशी निळसर किनार असली तर तीही काढा. रंगवलेला घोडाही इथेच उघडा पडतो. २०२२ साली पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यात एका माणसाने काळा मारवाडी म्हणून २२ लाखांहून अधिक किमतीला घोडा घेतला, घरी नेऊन अंघोळ घातली आणि तो लाल निघाला. बातमी देशभर गाजली. सारंगखेड्याला किंवा अकलूजला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: बादलीभर पाणी आणि जुना पांढरा पंचा सोबत न्या, मान आणि पायाचे केस घासून पाहा, विकणारा अडवत असेल तर सौदा तिथेच थांबवा.

चेहऱ्यावर कपाळातला टिळा, त्याखाली नाकाच्या हाडावरचा पट्टा, नाकपुड्यांमधला डाग आणि ओठावरचे पांढरे हे चार भाग वेगवेगळे लिहा, आणि एकमेकांना जोडलेले आहेत की सुटे, हे स्पष्ट करा. तुमच्या घोडीचा पट्टा रुंद आहे. तो नाकाच्या हाडाच्या कडांपर्यंत पोहोचतो की कडा ओलांडतो, कुठल्या नाकपुडीत शिरतो, वरच्या ओठावर कुठपर्यंत जातो, हे लिहिले की ती हजारांत ओळखू येते. नुसते ‘तोंड पांढरे’ म्हटले तर निम्म्या बाजाराचे वर्णन होते.

पायाचे वर्णन खालून वर करा: खुराच्या काठापर्यंत, घोट्यापर्यंत, नळीच्या अर्ध्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, गुडघ्याच्या वर. पांढऱ्याची वरची कड सरळ नसते. पुढून किती, मागून किती, आतून टोक वर गेले आहे का, ते नकाशात दाखवा. खुराचा रंगही लिहा. ‘मोजा’ आणि ‘पायमोजा’ यांत कोणी काय धरतो याचा भरवसा नसतो, म्हणून अवयवाचे नाव घेऊन लिहिलेले केव्हाही पक्के. आणि डावा-उजवा घोड्याचा धरायचा, समोर उभ्या राहणाऱ्याचा नाही. ही चूक इतक्या कागदांत सापडते की अर्ज परत आला की मी आधी आरशासारखा उलटा करून तपासतो. तुमच्या दाखल्याच्या बाबतीत मात्र ते कारण नसावे, कारण तिथे पुढचे दोन्ही पाय गायब आहेत.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या पासपोर्टात पांढऱ्या खुणा लाल शाईने आणि भोवरे काळ्या फुलीने काढण्याची रीत आहे. तुमच्या संस्थेच्या फॉर्मवर काय सांगितलंय ते वाचा, पण निदान दोन शाया वापरल्या तर तपासणाऱ्याचा गोंधळ होत नाही. शेवटी चार फोटो: दोन्ही कुशी, समोरून, मागून, सकाळच्या उन्हात, जीन आणि साज उतरवून. पंचकल्याणी घोड्याच्या बाबतीत पाचवा फोटो फक्त पायांचा, सपाट फरशीवर उभे करून. गवतात काढलेल्या फोटोत पायच दिसत नाहीत, आणि तुमची सगळी अडचण पायांचीच आहे.

कुमैत की सुरंग, याबद्दल दोन ओळी, कारण चारही पाय पांढरे असले की हे ठरवणे अवघड जाते. कुमैताची आयाळ, शेपूट आणि पायाचा खालचा भाग काळा. सुरंगाला काळे कुठेच नाही. पण पांढऱ्याने पायातले काळे झाकलेले असते. मग आयाळ, शेपूट, कानाच्या कडा आणि गुडघ्यावरचा पांढऱ्याच्या लगत वरचा भाग पाहायचा. तिथे काळे दिसले की कुमैत.

काचेसारख्या डोळ्याचीही नोंद करा. कोणता डोळा, पूर्ण निळा की अर्धा. त्याने नजर अधू होते असा समज आहे, त्याला आधार नाही. पण चेहरा फार पांढरा आणि डोळे निळे अशा काही घोड्यांत बहिरेपण असते, तेव्हा घोडीला दिसणार नाही अशा बाजूने टाळी वाजवून, टोपले हलवून एकदा पाहा. बहिरी घोडी वाईट नसते, पण तिला हाताळणाऱ्या माणसाला ते माहीत असले पाहिजे. पांढऱ्या पायाचा खूर मऊ असतो हा दुसरा समज. रंगामुळे खुराच्या मजबुतीत फरक पडतो असे सिद्ध झालेले नाही. पावसाळ्यात गुलाबी कातडीच्या घोट्यामागे खपल्या आणि भेगा मात्र लवकर पडतात, पाय कोरडे ठेवा.

आता शिंगरू. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती तुम्ही शेवटी, सहज जाता जाता लिहिली आहे.

डोळ्यांभोवती चष्म्यासारखे पांढरे केस येणे ही बहुतेक वेळा सब्जा होण्याची पहिली खूण. सब्जा घोडा कुमैत, सुरंग, काळा अशा कोणत्याही रंगात जन्मतो आणि मग हळूहळू पांढरा होत जातो. हे ज्या जनुकीय बदलाने होते तो २००८ साली सापडला. तो प्रभावी आहे. एकाच बाजूने मिळाला तरी घोडा पांढरा होतो. याचाच दुसरा अर्थ असा की तो लपून राहू शकत नाही. सब्जा शिंगराच्या आईबापांपैकी निदान एक जण सब्जा असलाच पाहिजे. तुमची घोडी सात वर्षांची, अजून ठणठणीत कुमैत. म्हणजे ती सब्जा नाही. मग नर सब्जा हवा. विकणाऱ्याने सांगितलेला नर कुमैत आहे.

यावरून लगेच कोणावर आरोप करू नका. तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, ते केस खरेच सब्जाचे आहेत का. शिंगराची लव झडताना डोळ्यांभोवती तात्पुरता फिकटपणा दिसतो. काळजीपूर्वक पाहिले तर तिथे नवे येणारे केस गडद असतात. सब्जा होणाऱ्या शिंगरात नवे केसच पांढरे येतात, आणि मग ते कपाळावर, कानामागे, अंगावर पसरतात. अंगभर मिसळलेले पांढरे केस आणि डोके-पाय गडद असे झाले, तर तो वेगळा, मिश्र केसांचा रंग आहे. तोही आईबापांकडूनच येतो. दुसरी, सांगितलेल्या नराचा आजचा फोटो मागवा, त्याच्या कागदावरचा नव्हे. कोवळ्या वयात नोंदलेला नर कागदावर कुमैत असेल आणि आज अर्धा पांढरा झाला असेल, असे अनेकदा घडते. तसे असेल तर सगळे जुळले, फक्त त्याचा कागद जुना आहे. तिसरी, नर आजही कुमैत असेल तर शिंगराचे आणि त्याचे केस मुळासकट उपटून डीएनए तपासणीला द्या. एखादी घोडी आधी एका नराला दाखवून, गाभण राहिली नाही असे वाटून, नंतर दुसऱ्याला दाखवलेली असते आणि मोतद्दाराला तारखा आठवत नाहीत. कोणाच्याही मनात खोट नसताना कागद खोटा होतो तो असा.

रंगाच्या या हिशोबाने वंशावळ पडताळता येते, म्हणून आणखी एक नियम लक्षात ठेवा: दोन्ही आईबाप सुरंग असतील तर शिंगरू सुरंगाच्याच छटेचे होते. तिथे कुमैत किंवा काळे शिंगरू लिहिलेले दिसले तर कागदात कुठेतरी चूक आहे. उलट दोन कुमैतांच्या पोटी सुरंग येऊ शकते. दोघांनीही तो गुण लपवून वागवला असेल तर चारातून एक अशी शक्यता. पांढऱ्या खुणांच्या बाबतीत मात्र असा नेमका हिशोब मांडता येत नाही. टिळा किती मोठा, मोजा किती उंच, हे अनेक जनुकांवर आणि गर्भात रंगपेशी कितपत पसरल्या यावर ठरते. साधे दिसणारे आईबाप आणि भरपूर पांढरे शिंगरू हे घडते. जपानमध्ये १९९६ साली गडद रंगाच्या थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) आईबापांच्या पोटी शिरायुकिहिमे ही पूर्ण पांढरी घोडी जन्मली. तिची मुलगी ठिपक्यांची, आणि नात सोदाशी पांढरी. सोदाशीने २०२० साली हानशिन ज्युव्हेनाइल फिलीज ही पहिल्या दर्जाची शर्यत जिंकली. थरोब्रेडच्या नोंदवहीने त्या घराण्याला बाहेर काढले नाही. आईबाप पक्के होते, रंग जसा होता तसा लिहिला गेला. मला हीच रीत योग्य वाटते.

पांढऱ्याच्या मागे लागून जोड्या लावण्याबद्दल मात्र मी कडक आहे. कोल्हापुरात वरात, दसऱ्याची स्वारी, जोतिबाची यात्रा, शिवजयंतीची मिरवणूक अशी मागणी सतत असते आणि नुकऱ्याला, म्हणजे गुलाबी कातडीच्या जन्मतः पांढऱ्या घोड्याला, दुप्पट दाम मिळतो. त्यामुळे पांढऱ्याला पांढरा भरवण्याचा सपाटा चालतो. पांढरे दिसण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत: सब्जा वयाने पांढरा झालेला, जन्मतः पांढरा असलेला, किंवा रंग फिका करणारा गुण दोन्ही बाजूंनी मिळालेला. जन्मतः पांढरे करणारे काही जनुकीय बदल दोन्ही आईबापांकडून आले तर गर्भ टिकत नाही. घोडी वारंवार उलटते आणि दोष तिला दिला जातो. अमेरिकी डागांच्या घोड्यांत तर असा एक बदल आहे की दोन्हीकडून मिळालेले शिंगरू पांढरे जन्मते, आतड्याला मज्जातंतूच नसतात, आणि ते पोटदुखीने काही दिवसांत मरते. १९९८ साली त्याचे कारण सापडले आणि आज केसांच्या तपासणीवर ते आधी कळते. परदेशी डागांचा घोडा भरवायला आणणाऱ्याने ही तपासणी आधी मागावी. सब्जालाही त्याची किंमत आहे: पंधरा वर्षांवरच्या बहुसंख्य सब्जा घोड्यांना शेपटीखाली किंवा गुदद्वाराजवळ काळ्या गाठी येतात. तुमचे शिंगरू सब्जा होणार असेल तर दरवर्षी शेपूट उचलून पाहण्याची सवय आत्ताच लावून घ्या.

शिंगराच्या अर्जात काय लिहायचे, तर आजचा जन्मरंग आणि होणारा बदल, दोन्ही: ‘जन्मतः कुमैत, डोळ्यांभोवती पांढरे केस, सब्जा होण्याची चिन्हे’. नुसते कुमैत लिहिले तर पाच वर्षांनी पांढरा घोडा आणि कुमैत कागद घेऊन तुम्ही पुन्हा याच रांगेत उभे राहाल. त्याच्या पांढऱ्या खुणा या महिन्यातच नकाशावर उतरवा; अंग पांढरे झाल्यावर टिळा आणि मोजे केसांत विरून जातात. पुढे कधी तपासायची वेळ आली तर नाक आणि घोटे ओले करून गुलाबी कातडीची कड शोधावी लागते. भोवरे निदान पाच दाखवा. नराचा रकाना डीएनएचा निकाल येईपर्यंत भरू नका. संस्थेला ‘तपासणी प्रलंबित’ असे पत्र जोडा. उशीर झाला तरी चालेल, खाडाखोड चालत नाही.

घोडीचा नवा नकाशा जवळच्या पशुवैद्यकाकडून सही-शिक्क्यासह भरून घ्या, चिप नसेल तर त्याच दिवशी टोचून क्रमांक नकाशावर लिहून घ्या, आणि जुन्या दाखल्याची झेरॉक्स सोबत जोडा. मूळ दाखला कोणाच्या हाती देऊ नका. विक्रेत्याशी बोलताना तो लागणार आहे.